तीन भावांची पेढी

१९७४ साली लंडनच्या न्यू बॉन्ड स्ट्रीटवरचं १७५ क्रमांकाचं जवाहिऱ्याचं दुकान विकलं गेलं. दुकान बंद पडलेलं नव्हतं. दिवाळं निघालं नव्हतं, दारात सावकार उभे नव्हते. विकणारे ज्याँ-जाक कार्तिए तेव्हा ५५ वर्षांचे होते. पॅरिसची पेढी आठ वर्षांपूर्वीच त्यांच्या चुलत बहिणीने विकली होती आणि न्यूयॉर्कची त्याच्याही आधी चार वर्षं चुलत भावाने. १८४७ मध्ये त्यांच्या पणजोबांनी सुरू केलेल्या व्यवसायातला घराण्याच्या हातातला हा शेवटचा तुकडा होता. त्या विक्रीनंतर कार्तिए हे नाव राहिलं, पण कार्तिए घराणं त्यातून बाहेर पडलं.

धंदा बुडाल्यामुळे घराणी संपल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. इथे धंदा बुडाला नाही. म्हणूनच हा इतिहास मला जास्त विचार करायला लावतो.

लुई-फ्रान्स्वा कार्तिए यांचा जन्म १८१९ चा. वडील बंदुकीची दारू ठेवायची शिंगं बनवत, आई लोकांचे कपडे धुवायची. घरात श्रीमंती नव्हती आणि सोन्याचा तर संबंधच नव्हता. पोराला अडोल्फ पिकार नावाच्या जवाहिऱ्याकडे उमेदवारीला लावलं आणि १८४७ मध्ये पॅरिसच्या र्यू मोंतोर्गइ या रस्त्यावरचं पिकारचं दुकान त्याने स्वतःच्या नावावर घेतलं. वेळ मात्र वाईट निघाली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा पळाला. दागिने घ्यायच्या मनःस्थितीत कोण असणार? पण तिसऱ्या नेपोलियनचं साम्राज्य आलं, पॅरिसमध्ये पुन्हा नाच-मेजवान्या सुरू झाल्या, सम्राटाची चुलत बहीण प्रिन्सेस मातिल्द गिऱ्हाईक झाली, पाठोपाठ सम्राज्ञी युजेनी. १८५९ मध्ये दुकान बुलवार देझ इतालियँ या झगमगत्या रस्त्यावर गेलं.

हा माणूस थोर कारागीर होता असं समजू नये. त्याच्या दुकानातला बराचसा माल दुसऱ्या कारखान्यांत घडलेला असे. त्याची नजर मालाची आणि माणसांची होती. मुलगा आल्फ्रेड हाही तसाच. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि मागोमाग कम्यूनच्या उठावात रक्तपात झाला, तेव्हा ज्यांना रोख पैसे हवे होते त्यांच्याकडून आल्फ्रेडने दागिने घेतले आणि लंडनला नेऊन विकले. त्यांत एका नामांकित गणिकेचा संग्रहही होता. कुणाचा उत्कर्ष होतो तेव्हा जवाहिरा विकतो आणि कुणावर पडता काळ येतो तेव्हा तो विकत घेतो. पुढे १९१७ नंतर परागंदा झालेल्या रशियन सरदारांच्या बायका आपले हिरे घेऊन पॅरिसला आल्या, तेव्हाही हेच घडलं. या व्यवसायाचं हे अंग कठोर आहे, आणि कार्तिए घराण्याला ते पहिल्या पिढीपासून अवगत होतं.

आल्फ्रेडला तीन मुलगे : १८७५ चा लुई, १८७८ चा पिएर आणि १८८४ चा जाक. शिवाय सुझान ही मुलगी. थोरला लुई १८९८ मध्ये वडिलांचा भागीदार झाला आणि त्याच वर्षी त्याचं लग्न लावलं गेलं ते वर्थ घराण्यातल्या आंद्रे-कारोलीनशी. वर्थ म्हणजे युरोपातल्या राण्यांचे कपडे शिवणारं घर. त्यांची पेढी र्यू द ला पे या रस्त्यावर होती. पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, कार्तिए त्याच रस्त्यावर १३ क्रमांकात दाखल झाले. लुईचं या लग्नाला मन नव्हतं. एक मुलगी झाली, आणि दहा-अकरा वर्षांत घटस्फोट. पेढीच्या इतिहासात हे लग्न दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र आंद्रे-कारोलीनचं आयुष्य आठवतं, जिला या व्यवहारात कुणी विचारलंच नाही. सुझानचं लग्नही पुढे वर्थांच्याच घरात झालं.

लुई मात्र खराच प्रतिभावान निघाला. तोवर हिरे चांदीत जडवत, कारण चांदीच्या पांढऱ्या रंगात हिरा पिवळट दिसत नाही. पण चांदी काळी पडते आणि मऊ असल्याने जाड वापरावी लागते. कपड्यांना, कातडीला डाग पडू नयेत म्हणून तिला मागून सोन्याचा पत्रा द्यावा लागे. दागिना जड होई. प्लॅटिनम काळं पडत नाही आणि इतकं चिवट असतं की केसाएवढ्या बारीक तारेतही हिरा घट्ट बसतो. अडचण एकच, ते वितळायला जवळजवळ १,७७० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि सोनाराच्या नेहमीच्या फुंकणीने ते साधत नाही. त्यासाठी वेगळ्या भट्ट्या, वेगळी हत्यारं, वेगळा हात लागतो. प्लॅटिनम वापरणारा लुई पहिला नव्हता. पण सबंध घडण त्या धातूभोवती नव्याने उभी करण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर त्याचं. आपल्या चित्रकारांना तो वह्या घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर फिरायला लावी आणि अठराव्या शतकातल्या घरांच्या लोखंडी गजांवरच्या वेली, दारांवरच्या कोरीव माळा उतरवून आणायला सांगे. तीच नक्षी प्लॅटिनम आणि हिऱ्यांत उतरली. बसवलेला धातू दिसेनासा झाला आणि नुसते हिरेच गळ्याभोवती तरंगत असल्यासारखे दिसू लागले. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकासाठी या पेढीकडे २७ टिआरांची मागणी आली. दोन वर्षांनी राजघराण्याचा अधिकृत जवाहिरा म्हणून सनद मिळाली. १९०४ मध्येच लुईने विमानविद्येच्या नादी लागलेल्या सांतोस-द्युमों या मित्रासाठी मनगटी घड्याळ बनवलं, कारण दोन्ही हात यंत्रात गुंतलेल्या माणसाला खिशातलं घड्याळ काढता येत नव्हतं. १९१७ चं ‘टँक’ घड्याळ तर आजही विकलं जातं.

तिघे भाऊ लहान असताना त्यांनी जगाचा नकाशा पुढ्यात घेऊन जग वाटून घेतलं, अशी गोष्ट त्या घरात सांगितली जाते. नकाशा असो वा नसो, वाटणी खरोखर झाली. लुईकडे पॅरिस. पिएरने आधी १९०२ मध्ये लंडनची शाखा उभी केली, १९०६ मध्ये ती जाककडे सोपवली आणि १९०९ मध्ये स्वतः न्यूयॉर्क गाठलं. तिन्ही ठिकाणच्या कंपन्या पुढे कायद्यानेही वेगवेगळ्या झाल्या. पण नक्षीच्या कल्पना, खडे, भांडवल, गिऱ्हाइकांची माहिती अखंड इकडून तिकडे जात असे. लुई चिडका आणि लहरी, पिएर मुत्सद्दी, जाक सौम्य. तरुणपणी तर जाकला कॅथलिक धर्मगुरू व्हायचं होतं. तिघे वेगवेगळ्या देशांत राहत आणि एकमेकांना सतत पत्रं लिहीत. ही पेढी शेवटी त्या पत्रांवर उभी होती, असं माझं मत आहे.

पिएरचा स्वभाव समजायला एक व्यवहार पुरेसा आहे. निळ्या ‘होप’ हिऱ्यासाठी त्याने एव्हलिन वॉल्श मॅक्लीन ही श्रीमंत अमेरिकन बाई हेरली. हिऱ्याला शाप असल्याच्या कहाण्या तिला रंगवून सांगितल्या, तरी ती बधेना. मग त्याने हिरा नव्या कोंदणात बसवला आणि काही दिवस नुसता तिच्या घरी ठेवायला दिला. १९११ मध्ये १,८०,००० डॉलरला सौदा झाला.

त्याच वर्षी जाक हिंदुस्थानात आला. पाचव्या जॉर्जचा दिल्ली दरबार डिसेंबरात होता आणि सगळे संस्थानिक एका जागी जमणार होते. जाकने बरोबर आणला होता तो बहुतेक बायकांच्या दागिन्यांचा माल, कारण पॅरिसमध्ये गिऱ्हाईक म्हणजे बाई. इथे आल्यावर त्याला कळलं की शिरपेच, कंठे, हार, बाजूबंद हे सगळं पुरुषांचं आहे आणि महाराजांना विलायतेकडून हवी होती ती खिशातली नवी घड्याळं.

बडोद्याचं प्रकरण आपल्याला जवळचं आहे. खंडेराव गायकवाडांपासून त्या खजिन्यात ‘स्टार ऑफ द साउथ’सारखा ब्राझीलचा प्रचंड हिरा आणि बसऱ्याच्या मोत्यांनी विणलेला गालिचा होता. आपल्या जवाहिराची प्लॅटिनममध्ये नव्याने घडण करून घेण्याचा विचार सयाजीरावांनी जाकशी केला होता. दरबारच्या जुन्या जवाहिऱ्यांना ते रुचलं नाही आणि त्यांच्या खटपटींमुळे बेत बारगळला. त्या जवाहिऱ्यांना संकुचित म्हणून मोकळं होता येतं, पण त्यांची भीती अनाठायी नव्हती. जडावाची कुंदन पद्धत, खड्यामागची मिन्याची कलाकुसर, पिढ्यान्‌पिढ्यांची घडणावळ, हे सारं प्लॅटिनमच्या लाटेत वाहून जाणार होतं. अनेक संस्थानांत ते गेलंही. विलायतेला पाठवलेले जुने दागिने मोडले गेले आणि त्यांतले फक्त खडे उरले.

दरबारानंतर जाक इराणच्या आखाताकडे, बाहरीनला गेला. मोत्यांसाठी. तेव्हा मोती हिऱ्याहून महाग होता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. आखातात पाणबुडे जीव धोक्यात घालून शिंपले काढत. तो माल मुंबईच्या बाजारात येई, तिथे त्याला भोकं पाडली जात, रंग-आकारानुसार लडी लावल्या जात आणि मग तो पॅरिसला जाई. पेशवाईपासून आपल्या नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत जो बसऱ्याचा मोती बसला तो याच पाण्यातला. पॅरिसमध्ये या व्यापारावर रोझेंताल बंधूंची पकड होती. मधले दलाल टाळून थेट शेखांकडून मोती घेता येतील का, हे जाकला पाहायचं होतं. रोझेंतालांची मक्तेदारी त्याला मोडता आली नाही, पण वाट कळली.

मोत्याची तेव्हाची किंमत पाहायची तर न्यूयॉर्कला जावं. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ५२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मॉर्टन प्लांट या धनाढ्याचा वाडा होता. त्याच्या तरुण पत्नीला, मेसीला, पिएरच्या दुकानातला मोत्यांचा दुपदरी हार आवडला होता. किंमत दहा लाख डॉलर. १९१७ मध्ये पिएरने हार आणि वर १०० डॉलर दिले आणि वाडा घेतला. न्यूयॉर्कची पेढी आजही त्याच इमारतीत आहे. मेसीच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये तो हार लिलावात निघाला, तेव्हा त्याचे दोन लाख डॉलरही आले नाहीत. मधल्या काळात जपानच्या मिकिमोतोचा संवर्धित मोती युरोपात आला होता आणि फ्रेंच न्यायालयांनीही त्याला मोती म्हणून विकायला मोकळीक दिली होती. १९२९ ची मंदी आली आणि १९३० मध्ये बँकांनी मोती व्यापाऱ्यांची पत आखडून घेतली. आखातातली गावंच्या गावं त्यात बसली. मुंबईच्या मोती बाजारालाही त्याची झळ लागली. ज्या मोत्यांवर कार्तिएंचा मोठा पैसा उभा राहिला होता, तो आधारच खचला.

१९२० च्या दशकात मात्र हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो पेढीचा परमोच्च काळ. जाकने हिंदुस्थानातून पान, फूल, फळ अशा आकारांत कोरलेले माणिक, पाचू आणि नील पाठवले. पॅरिसच्या शार्ल जाको या कलावंताच्या हाताखाली त्यांचे रंगीबेरंगी हार झाले. युरोपातल्या बायकांनी ते उचलून धरले. लुईने जमवलेली मोगल आणि इराणी लघुचित्रं या नक्षीमागे होती. त्यांतली पुष्कळशी आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत. हे दागिने पाहताना एक सल जात नाही. कठीण पाचूवर पानाच्या शिरा कोरणाऱ्या आपल्या कारागिरांपैकी कुणाचंही नाव त्या दागिन्यांवर नाही. जाकोचं आहे, कार्तिएंचं आहे.

पतियाळाचे भूपिंदरसिंग यांनी १९२५ मध्ये खड्यांच्या पेट्या पॅरिसला पाठवल्या. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या हारात २,९३० हिरे होते आणि मध्यभागी २३४.६५ कॅरटचा पिवळा ‘डी बिअर्स’ हिरा. नवानगरच्या रणजितसिंहांसाठी, म्हणजे क्रिकेटच्या रणजींसाठी, जाकने १९३१ मध्ये रंगीत हिऱ्यांचा हार केला. रणजींना रत्नांची उत्तम पारख होती आणि दोघांची मैत्री खरी होती. दोन वर्षांनी रणजी वारले. पतियाळाचा हार १९४८ च्या सुमारास खजिन्यातून नाहीसा झाला. मोठा हिरा १९८२ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात उगवला आणि उरलेला सांगाडा १९९८ मध्ये लंडनमध्ये सापडला, मोठे खडे उपटलेला.

मग युद्ध आलं. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये जान तूसँ या तडफदार बाईने पेढी सांभाळली. तिनेच कार्तिएंचा प्रसिद्ध बिबट्या दागिन्यात आणला. १९४२ मध्ये दुकानात पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा ब्रोच दिसू लागला आणि शहर मुक्त झाल्यावर १९४४ मध्ये पिंजऱ्याचं दार उघडलेला, गाणारा पक्षी. लंडनमध्ये जनरल द गॉल यांना पेढीने आपलं कार्यालय वापरायला दिलं. पण या काळातला खरा घाव वेगळा होता. फुप्फुसांच्या आजाराने खंगलेला जाक सप्टेंबर १९४१ मध्ये व्याप्त फ्रान्समध्ये दाक्स गावी वारला. दहा महिन्यांनी लुई न्यूयॉर्कमध्ये वारला. तीन भावांतला एकटा पिएर उरला.

पुढची पिढी तीन देशांत वाढलेली, एकमेकांना फारशी न ओळखणारी. लुईचा मुलगा क्लोद १९२५ चा, दुसऱ्या बायकोपासून झालेला. वडील गेले तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. पिएरला एकच मुलगी, मारियाँ. ती कवी पॉल क्लोदेलच्या मुलाशी लग्न करून गेली. जाकचा मुलगा ज्याँ-जाक तेवढा चित्रकलेचं शिक्षण घेतलेला, घडणीत रस असलेला. युद्धानंतर पिएर निवृत्त होऊन जिनिव्हाला गेला. न्यूयॉर्क क्लोदकडे, पॅरिस मारियाँकडे आणि लंडन ज्याँ-जाककडे राहिलं. कागदावर ही वाटणी जुन्यासारखीच दिसते. पण आता तीन शहरांमध्ये पत्रं जात नव्हती. क्लोदने १९६२ मध्ये न्यूयॉर्क विकलं आणि घराण्याची अखंडता तिथेच संपली. पिएर १९६४ मध्ये वारला. १९६६ मध्ये मारियाँने पॅरिस विकलं.

काळही फिरला होता, हे नाकारता येत नाही. रशियाचे दरबार १९१७ मध्येच गेले. हिंदुस्थानातली संस्थानं १९४७ नंतर विलीन झाली आणि १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये दागिन्यांवरचा खरेदीकर शंभर टक्क्यांच्या घरात होता. अशा काळात ज्याँ-जाकने लंडनच्या कारखान्यात हातघडणीचं काम टिकवलं. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथसाठी २३.६ कॅरटच्या गुलाबी विल्यमसन हिऱ्याचा फुलाचा ब्रोच तिथेच घडला. १९६७ मधलं वेडंवाकडं ‘क्रॅश’ घड्याळही तिथलंच. म्हणजे कला आटली नव्हती, गिऱ्हाईकही पूर्ण आटलं नव्हतं. इतर दोन शहरांत परक्यांच्या हातात गेलेल्या नावाशी एकट्याने झगडणं मात्र अवघड होतं. दुसऱ्या कुणी त्याच नावावर काय विकावं, यावर त्याचा अधिकार नव्हता.

तीनही तुकडे पुन्हा जोडले ते बाहेरच्या माणसांनी. सिगारेट लायटर बनवणारा रोबेर ओक आणि त्याचे भागीदार यांनी १९७२ मध्ये पॅरिस, १९७४ मध्ये लंडन आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्क घेतलं. १९७३ मध्ये ‘ले मस्त’ नावाने लायटर, पेन, चामडी वस्तू बाजारात आल्या आणि महाराजांच्या जवाहिऱ्याचं नाव मध्यमवर्गाच्या खिशात पोचलं. व्यवसाय म्हणून हे फार मोठं यश होतं. आज ही पेढी रिशमाँ या स्विस समूहाची सर्वांत मोठी मिळकत आहे. या माणसांना मी दोष देत नाही. नाव त्यांनी जगवलं. पण तीन भावांनी कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभं राहून जे केलं, ते या व्यवस्थेत होऊ शकत नाही आणि झालंही नाही.

ही सगळी हकिकत इतक्या बारकाईने कळते ती एका योगायोगामुळे. २००९ मध्ये ज्याँ-जाक यांच्या नव्वदीच्या समारंभासाठी तळघरात शॅम्पेन शोधताना त्यांच्या नातीला, फ्रान्सेस्का कार्तिए ब्रिकेल यांना, जुन्या पत्रांनी भरलेली पेटी सापडली. त्यांतून त्यांनी दहा वर्षं खपून घराण्याचा इतिहास लिहिला. ज्याँ-जाक २०१० मध्ये गेले. पण त्याआधी नातीने त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या होत्या.

पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक, बडोदा, इंदूर इथल्या जुन्या सराफ आणि जवाहिऱ्यांच्या घरांतही अशा पेट्या असतील. मोडीतल्या वह्या, नक्षीचे कागद, संस्थानांशी झालेला पत्रव्यवहार, कारागिरांच्या मजुरीच्या नोंदी. ज्यांच्या माळ्यावर असं काही असेल त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवावं, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे न्यावं, आणि घरात जुना कारागीर किंवा वडीलधारं माणूस हयात असेल तर आधी त्याच्यापाशी बसावं.